फुगवट्याचं पाणी

(दृश्य : सांगली. आयर्विन पूल, खाली कृष्णा.)

पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठून आधी एकच विचारतो : आयर्विनला किती फूट? कृष्णा फुगली की ओढ्याचं पाणी नदीत उतरत नाही, उलटं मागं फिरतं. २०१९ ला ते घराघरांत शिरलं. हा फुगवटा ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

(दृश्य : तासगावकडची द्राक्षबाग. आबांच्या भूमिकेतले गृहस्थ, पाठमोरे.)

आबांना सदऱ्याची कॉलर टेकते तिथं, डावीकडं, सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. घरचे म्हणाले, गंडमाळ असंल. टीबीची तपासणी झाली. आबा तंबाखू मळणारे, म्हणून तोंड-घसाही बघून झाला. काहीच सापडेना.

मिरजेत गाठीचा तुकडा काढला. त्यावर पीएसए (मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं प्रथिन) ओळखणारा रंग चढला आणि उगम कळला : प्रोस्टेटचा कॅन्सर.

"गाठ गळ्यात, आन् दुखणं लघवीच्या जागंचं?" मुलाला पटेना.

हा कॅन्सर बहुतेकदा ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) आणि कंबर-मणक्याच्या हाडांत पसरतो. मान, डोकं हे क्वचितच. पण वाट आहे. कमरेखालची लसिका, म्हणजे पेशींभोवती पाझरलेलं पाणी, एका नळीतून छातीत चढते आणि गळ्याच्या मुळाशी, डाव्या बाजूच्या शिरेत पडते. गाठ डावीकडं येते ती म्हणून. पोटातल्या कॅन्सरची खूण इथं दिसते, हे विर्खो या जर्मन डॉक्टरनं १८४८ मध्येच लिहून ठेवलंय.

दुसरी वाट मणक्याभोवतीच्या शिरांची. १९४० मध्ये बॅटसन या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञानं ती दाखवली. या शिरांना झडपा नाहीत. खोकलं, कुंथलं, की रक्त उलटं चढतं. आपला फुगवटाच! त्या वाटेनं पेशी कवटीपर्यंत, जबड्यापर्यंत जाऊ शकतात. मग एखाद्याला दाढी करताना हनुवटी बधिर लागते, एखाद्याला एकाचे दोन दिसतात. आणि तो आधी दातांच्या नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरकडं जातो.

(दृश्य : दवाखान्याचा व्हरांडा.)

इतका पसरलेला आजार सहसा मुळासकट जात नाही, आवरता मात्र येतो. पुरुषी हार्मोन तोडलं की या गाठी आक्रसतात, हे हगिन्स या डॉक्टरांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आबांना त्यासाठीच इंजेक्शन सुरू झालं.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "आबा, रात्री लघवीला किती वेळा उठता?"

आबांनी सुनेकडं पाहिलं. ती पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली.

"चार-पाच. दोन वरसं झाली. धारबी बारीक."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनी इचारलं न्हाई."