होडी का बुडली, हे कळलं पाहिजे

(मालवणात, गेम बनवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, गेम किती कठीण असावा असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: फार सोपा नको, फार अवघड नको. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हेच नीट मांडलं. समोरचं काम आपल्या कौशल्याच्या मानाने सोपं असलं की कंटाळा येतो, अवघड असलं की धास्ती बसते आणि दोन्ही जुळलं की माणूस तल्लीन होतो. ते खरंच आहे. पण कोड उघडून बसलात की या वाक्यावरून कुठला आकडा बदलायचा ते कळत नाही. 'काठिण्य' नावाचा आकडा गेममध्ये कुठेच नसतो. तिथे असतात वेग, अंतरं, सेकंद, शत्रूंची संख्या आणि हरल्यावर खेळणारा किती मागे जातो ती जागा.

म्हणून मी प्रश्न जरा फिरवून घेतो. हरल्यावर खेळणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी येतात. मी का हरलो? आणि पुन्हा इथवर यायला किती वेळ जाणार? या दोन्हींची उत्तरं चांगली असतील तर गेम भलताच कठीण असला तरी लोक तो सोडत नाहीत. २०१०च्या 'सुपर मीट बॉय'मध्ये एकेका लेव्हलला कितीदा मरावं लागतं, पण मेल्यावर डोळ्याची पापणी लवेपर्यंत तुम्ही पुन्हा उभे असता आणि बहुतेक लेव्हल छोट्या असतात. २०११चा 'डार्क सोल्स' कठीण म्हणूनच गाजला. त्यात शत्रू वार करण्याआधी हात मागे नेतो आणि पुढच्या वेळी त्याच जागी उभा असतो. पाहणाऱ्याला शिकता येतं. उलट, उत्तरं वाईट असतील तर अगदी सोपा गेमही चीड आणतो.

एक उदाहरण धरून चालू. समजा, तुम्ही असा गेम करताय: मालवणच्या किनाऱ्यावरून होडी घेऊन निघायचं आणि खडकांतून वाट काढत सिंधुदुर्गाच्या दरवाजापाशी पोचायचं. १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू झालं, त्या काळातला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, खेळणाऱ्याला व्हायचंय. वाटेत वीस खडक आहेत. नवखा खेळणारा एक खडक दहापैकी नऊ वेळा चुकवतो असं धरा. ऐकायला सोपं वाटतं. पण दहा खडक सलग चुकवायचे तर ०.९ स्वतःशी दहा वेळा गुणा, उत्तर येतं सुमारे ०.३५. वीस सलग म्हटले की ०.१२. म्हणजे शंभर फेऱ्यांपैकी बारा पार पडतात, अठ्ठ्याऐंशी बुडतात, आणि तुम्ही मात्र एकेका खडकाकडे बघून म्हणत असता की हे तर सोपं आहे.

आता दहाव्या खडकानंतर एक चेकपॉइंट ठेवा, म्हणजे पुढे बुडालात तर सुरुवात किनाऱ्यापासून नाही, तिथून होते. प्रत्येक खडकाला पाच सेकंद लागतात असं धरू आणि खेळणारा वाटेत काही शिकत नाही असंही तूर्त धरू. चेकपॉइंट नसेल तर किल्ल्यावर पोचेपर्यंत सरासरी ७२ खडकांशी गाठ पडते, म्हणजे सहा मिनिटं. चेकपॉइंट असेल तर ३७, म्हणजे तीन मिनिटं. वेळ निम्मा झाला. खरी गंमत थोड्या कच्च्या खेळणाऱ्याची आहे. तो खडक दहापैकी आठ वेळाच चुकवतो. चेकपॉइंट असेल तर त्याला सात मिनिटं लागतात. नसेल तर छत्तीस. खडक तेच, होडी तीच, हाताच्या कसबात फरक जेमतेम. पण सलग साखळी लांबली की एकाला सहा मिनिटं लागतात आणि दुसऱ्याला छत्तीस. हा दुसरा खेळणारा दहाव्या मिनिटाला फोन ठेवून देतो. 'माझा गेम काहींना फार सोपा वाटतो आणि काहींना फार कठीण' अशी तक्रार असेल तेव्हा खडकांना हात लावण्याआधी साखळी तोडून बघा. बहुतेकदा दुखणं तिथे सापडतं.

आता 'का हरलो' याकडे येऊ. इथे सेकंदांचा हिशेब लागतो. डोळ्याला काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, तोही काय करायचं हे आधीच ठरलेलं असेल तर. डावीकडे वळू की उजवीकडे, हे ठरवायचं असेल तर आणखी वेळ जातो. स्वस्त फोनचा टचस्क्रीन त्यात आपली दिरंगाई घालतो. म्हणून खडक दिसणं आणि होडी आदळणं यांत अर्ध्या सेकंदापेक्षा कमी अंतर असेल तर ती कठीण लेव्हल नव्हे, तो अन्याय आहे. पहिल्या लेव्हलमध्ये पूर्ण एक सेकंद द्या आणि पुढे हळूहळू कमी करत जा. आणि हा वेळ फ्रेममध्ये, म्हणजे स्क्रीनवर एकामागून एक येणाऱ्या चित्रांत, मोजू नका. सेकंदाला साठ फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर तीस फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, पण फोन तापून तीस फ्रेमवर आला की त्याच तीस फ्रेमना एक सेकंद लागतो. तुमचा गेम महागड्या फोनवर एक आणि साध्या फोनवर दुसराच होतो. सगळं सेकंदांत लिहा आणि दर फ्रेमला होडी किती सरकवायची ते काढताना वेगाला दोन फ्रेममधल्या वेळाने गुणा.

आदळण्याची मोजणीही उदार हवी. होडीचं चित्र जेवढं, तेवढाच टक्कर मोजणारा चौकोन ठेवला की शिडाचं टोक खडकाला चाटून गेलं तरी होडी फुटते आणि खेळणारा ओरडतो, 'लागलंच नव्हतं!' त्याचं बरोबर असतं. चौकोन चित्राच्या साधारण ऐंशी टक्के ठेवा. उलट, जे मिळवायचंय, पाण्याचं पिंप म्हणा, त्याचा चौकोन चित्रापेक्षा मोठा ठेवा. २०१८चा 'सेलेस्ट' हा उड्या मारण्याचा गेम कठीण म्हणून ओळखला जातो, पण कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत त्यात उडी मारू देतात. खेळणाऱ्याला हे जाणवत नाही. त्याला वाटतं, उडी वेळेवर जमली. बोटाचा हेतू बरोबर असेल तर गेमने त्याला साथ द्यावी. मग खडक कितीही दाट लावा, कोणी कुरकुरणार नाही.

नशिबाचा भाग फार जपून ठेवा. 'सिव्हिलायझेशन' हा गेम बनवणारे सिड मायर यांनी २०१०च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलं होतं की तीनास एक अशी बाजू आपल्याकडे असताना हरलेला खेळणारा ते मान्यच करत नाही, त्याला गेम खोटा वाटतो. गणिताने मात्र चारातून एकदा हरायलाच हवं. तुमच्या गेममध्ये वाऱ्याचे झोत असतील तर निव्वळ यादृच्छिक आकड्यांवर ते सोडू नका. वरून पडणारे तुकडे रचायचा टेट्रिस घ्या. आजच्या टेट्रिसमध्ये सातही प्रकारचे तुकडे जणू पिशवीत घालून एकेक काढतात आणि पिशवी संपली की पुन्हा भरतात. त्यामुळे लांब दांडीच्या दोन तुकड्यांमध्ये जास्तीत जास्त बारा दुसरे तुकडे येऊ शकतात. पिशवी नसेल तर सलग वीस तुकड्यांत एकही दांडी न येण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास राहते, आणि तेवढ्याने खेळणारा शिव्या घालू लागतो. वाऱ्यालाही अशीच पिशवी शिवा: चार मंद झोत, दोन मध्यम, एक जोराचा.

काठिण्य वाढवायचं कसं? इथे बरेच जण आळस करतात. दुसऱ्या लेव्हलला होडीचा वेग दहा टक्के वाढवला, तिसऱ्याला वीस टक्के, झालं. वेग वाढवून गेम रंगतो हे खरंच. १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये पंचावन्न शत्रू असतात आणि जसे ते मरतात तसे उरलेले भराभर सरकू लागतात. तो गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोंनी हे मुद्दाम योजलं नव्हतं. चित्रं कमी झाली की यंत्राला ती लवकर काढता येत. पण ताण आपोआप चढतो हे पाहून त्यांनी ते तसंच राहू दिलं. मात्र नुसत्या वेगावर चाललेला गेम खेळणाऱ्याला नवं काही शिकवत नाही, त्याची बोटं तेवढी थकवतो.

तुमच्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे, आणि मालवणात बसून ती वापरली नाही तर मला वाईट वाटेल. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं असतात. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी थोडंच चढतं-उतरतं, ओढही कमी. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण. पहिली लेव्हल भांगाच्या ओहोटीची करा: खडक उघडे, पाणी संथ. इथे फक्त सुकाणू शिकवायचं. दुसरी लेव्हल त्याच खडकांवर भरती चढतानाची: खडक बुडालेत, पण त्यांच्यावर पाणी फुटतंय. कुठला खडक कुठे आहे हे खेळणाऱ्याला आधीच्या लेव्हलमधून आठवतं, आता तो फेस वाचायला शिकतो. तिसरी उधाणाची, ओढ होडीला बाजूला नेते. मग चौथी पुन्हा भांगाची, सोपी, फक्त अंधारात. एक नवी गोष्ट, तिचा सराव, जुन्या गोष्टीशी सांगड आणि मग उसंत. काठिण्याची रेषा अशी चढती-उतरती हवी. सरळ चढत गेलेल्या रेषेवर खेळणाऱ्याला आपण तरबेज झालो हे कधी कळतच नाही, कारण समोरचं प्रत्येक काम त्याच्या कसबाइतकंच वाढलेलं असतं. मधूनच सोपी लेव्हल आली आणि पूर्वी बुडवणारा खडक त्याने सहज मागे टाकला, की आपण काय शिकलो ते त्याला दिसतं. ही उसंत कापू नका.

खेळणाऱ्याचं कसब पाहून गेमने गुपचूप सोपं व्हावं का? १९९६चा 'क्रॅश बँडिकूट' हे करायचा: एकाच जागी पुनःपुन्हा मेलात की मदतीचा मुखवटा मिळे. २००५चा 'रेसिडेंट ईव्हिल ४'ही तुमचा खेळ पाहून शत्रूंचा जोर कमीजास्त करतो. दोन्ही गेममध्ये ते छान चाललं, कारण खेळणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं की गडबड होते. मुद्दाम दोनदा मरा, गेम सोपा होतो, मग जिंका. शर्यतीच्या गेममध्ये तर पुढे गेलेल्याला ओढून मागे आणलं जातंय असं एकदा वाटलं की चांगलं चालवण्यात अर्थच राहत नाही. माझा कल उघड मदतीकडे आहे. 'सेलेस्ट'मध्ये गेमचा वेग कमी करता येतो, दमच संपू नये असंही करता येतं, आणि ते खेळणाऱ्याने स्वतः निवडायचं असतं. 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्ये एका लेव्हलला आठदा मेल्यावर एक हिरवा ठोकळा येतो आणि तो वापरला तर लेव्हल खेळून दाखवली जाते. वापरायचा की नाही, मर्जी तुमची. तुमच्या गेममध्ये पाचदा बुडाल्यावर 'ओढ कमी करू का?' एवढंच विचारा. आणि गेम सुरू होण्याआधीच सोपा-मध्यम-कठीण यांतून निवडायला लावू नका. एकही खडक न पाहिलेला माणूस काय निवडणार?

लाइफ विकण्यासाठी लेव्हल कठीण करणं हा वेगळा धंदा आहे. पाच लाइफ, संपल्या की तासनतास थांबा किंवा पैसे भरा, ही रचना तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिथे काठिण्य खेळणाऱ्याच्या कसबाशी बोलत नाही, त्याच्या खिशाशी बोलतं. असा गेम करू नका, असं मी तुम्हाला स्पष्ट सांगतो.

फोनच्या दोन-तीन बारीक गोष्टी. अंगठा स्क्रीनचा खालचा कोपरा झाकतो, तिथे खडक येऊ देऊ नका. एसटीत बसलेला माणूस आवाज बंद ठेवून खेळतो, म्हणून इशारा नुसत्या आवाजाने देऊ नका, सोबत फेस दिसू दे. कोकण रेल्वेवर करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. तिथे नेटवर्क गेलं आणि प्रगती सर्व्हरवरच साठवत असाल तर जिंकलेली लेव्हल पुन्हा खेळावी लागेल, आणि त्यासारखी शिक्षा दुसरी नाही. आधी फोनवर साठवा.

शेवटी चाचणी. तुमचा गेम तुम्हाला सोपाच वाटणार, शंभर वेळा खेळलात ना. आकडे स्वतःच्या हाताने ठरवलेत तर नवखा पहिल्याच खडकावर बुडेल. गेम कधीच न पाहिलेली पाच माणसं आणा, त्यांत एक तरी फारसं गेम न खेळणारं असू दे. फोन हातात द्या आणि गप्प बसा. 'डावीकडे घे' हे शब्द तोंडातून गेले की ती चाचणी वाया गेली. प्रत्येक बुडण्याला तीन गोष्टी लिहा: कुठला खडक, किती सेकंदांनी पुन्हा सुरुवात झाली, आणि बुडाल्याबरोबर तो काय म्हणाला. 'अरे, उशीर झाला' म्हणाला तर खडक ठीक आहे. 'हे काय झालं?' म्हणाला तर इशारा कमी पडतोय. काहीच न म्हणता फोन खाली ठेवला तर त्या जागेवर लाल खूण करा, कारण जिथे लोक सर्वांत जास्त बुडतात ती जागा आणि जिथे ते गेम सोडतात ती जागा बहुतेकदा वेगळी असते. दुरुस्ती आधी दुसरीची करायची. वेळांची सरासरी काढू नका. एकजण अर्धा तास अडला तर सरासरी फसवते. पाचही जणांचे वेळ चढत्या क्रमाने लिहा आणि मधला घ्या. मग एका वेळी एकच आकडा बदला, इशाऱ्याचा वेळ किंवा चेकपॉइंटची जागा, आणि नवी पाच माणसं बोलवा. जुनी पाच आता तांडेल झालेली असतात, त्यांना पुन्हा बसवून काही कळत नाही.