घेऊन जा गे मारबत : कमच्या, खळ आणि शहराचा चेहरा

(दृश्य : सकाळ. इतवारीची अरुंद गल्ली. दोन्हीकडच्या गच्च्यांवर माणसंच माणसं. समोरून हलत येणारा पिवळा चेहरा.)

पोळ्याचा दुसरा दिवस. लहान मुलं लाकडी बैल सजवून तान्ह्या पोळ्याला निघण्याच्या तयारीत आहेत आणि जुन्या नागपुरात पाय ठेवायला जागा नाही. गर्दीतून एकच आरोळी उठते, ‘इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ मारबत म्हणजे बांबू आणि कागदाचा बाईचा मोठा पुतळा. एक पिवळी, एक काळी. मिरवायची आणि शेवटी जाळायची.

बाहेरचे लोक नागपूर ओळखतात ते संत्र्यावरून, झिरो माइलच्या दगडावरून. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लोटणारा जनसागर तर 1956 पासून या शहराची जगातली ओळख आहे. अलीकडे शहर आपला चेहरा स्वतः घडवू पाहतंय. 2017 पासून खासदार सांस्कृतिक महोत्सव भरतो. मार्च 2023 मध्ये जी-20 अंतर्गत सी-20 म्हणजे नागरी संस्थांच्या बैठकीचे पाहुणे आले, तेव्हा वर्धा रोडवरच्या भिंती चित्रांनी भरल्या. आता पोळा जवळ आला, की मोबाईलच्या पडद्यावर नागपूर म्हणून दिसते ती मारबत. हा चेहरा कुठल्याही समितीने ठरवलेला नाही. तो या गल्ल्यांमध्ये, हातांनी बांधला जातो. कसा, ते पाहू.

(दृश्य : बांबू चिरणारे हात. जवळून.)

सुरुवात बांबूपासून. उभ्या आधाराला जाड, पक्का, वाळलेला बांबू लागतो, कारण सगळं वजन त्याच्यावर असतं. कमच्यांना, म्हणजे चिरून काढलेल्या पातळ पट्ट्यांना, मात्र ओला, हिरवा बांबू बरा. तो चिरताना फाटत नाही आणि वाकवला तर मोडत नाही. कमची कोरडी पडली असेल, तर रात्रभर पाण्यात ठेवतात. मग गोल कडी करायची, एकावर एक रचायची, उभ्या पट्ट्यांना सुतळीने बांधायची. गाठ फुलीची, कारण एकेरी गाठ मिरवणुकीच्या हादऱ्यांनी सरकते. घाई असली की हात तारेकडे वळतो. तार पटकन आवळली जाते, पण ती जळत नाही. दहनानंतर राखेत पडून राहते आणि अनवाणी पायांत घुसते.

(दृश्य : पातेल्यात शिजणारी खळ. वाफ.)

ही खळ, कागद चिकटवायची. एक किलो मैद्याला पाच-सहा लिटर पाणी. मैदा आधी थंड पाण्यात कालवून घ्यायचा, नाहीतर गुठळ्या होतात आणि कागदाखाली फोड दिसतात. मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, शेवटी चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणून हे पातेलं स्वयंपाकघरात परत जात नाही. तो घातला नाही, तर झुरळं आणि उंदीर रात्रीतून कागद कुरतडतात.

सांगाड्यावर आधी रद्दीचा थर, त्यावर दुसरा आडवा, मग खाकी कागद. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा चढवायचा नाही. आणि इथेच सगळी अडचण आहे. हे काम ऐन श्रावणात चालतं. बाहेर झड लागलेली, हवा ओली, खळ वाळता वाळत नाही. वर कोरडा दिसणारा कागद आत ओला राहतो, दोन दिवसांनी त्यावर काळी बुरशी येते आणि चढवलेला रंग पोपड्यासारखा सुटतो. पावसापासून वाचवायला प्लास्टिक पांघरलं, तर आतून पाणी सुटतं. उपाय एकच : वर छत, चारही बाजू उघड्या आणि पंखा. हॅलोजन लावला, तर हातभर लांब, नाहीतर कागद आक्रसून कमचीपासून सुटतो.

(दृश्य : पांढऱ्या अस्तरावर चढणारा पिवळा रंग. नंतर डोळे.)

पिवळा रंग फसवा. खाकी कागदावर तो मातकट दिसतो आणि नुसत्या रद्दीवर लावला, तर खालची अक्षरं डोकावतात. म्हणून आधी पांढरं अस्तर, तेही दोन हात. काळ्याला एवढे लाड लागत नाहीत. तिथे पांढरं लागतं ते फक्त डोळ्यांखाली आणि दातांखाली. तोंड वेगळं घडवतात आणि शेवटी बसवतात. ते जड झालं, की अख्खी मूर्ती पुढे झुकते. मग मागच्या बाजूला, बुडाशी वजन बांधावं लागतं.

(दृश्य : ओटी भरणाऱ्या बायका. काळी मारबत. जुन्या घरांचे सज्जे.)

काळी मारबत 1881 पासूनची आणि पिवळी 1885 पासूनची, असं इतवारी सांगते. काळीचं नातं लोक भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात, इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीच्या रागातून. कुणी तिला पूतना मावशी म्हणतात. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. तिच्याकडे राग नाही, नवस आहेत. दोघींची भेट नेहरू पुतळ्यापाशी होते, आणि त्या क्षणाला ढोलताशांचा आवाज इतका वाढतो, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

(दृश्य : बडगे. पाट्या. नाचणारे पोट्टे.)

हे बडगे, मारबतीसोबत निघणारे पुरुषी पुतळे. मोहल्ल्यातले पोट्टे चार-पाच रात्रींत उभे करतात. आत तणस, वर जुने कपडे, खाली हातगाडी. महागाई, भ्रष्टाचार, पेपरफुटी, खड्डे, ज्याचा राग असेल त्याचा बडगा. पाटी सगळ्यात शेवटी लिहितात, कारण आदल्या रात्रीपर्यंत विषय बदलू शकतो. नागपूर आपल्या मनातलं इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच दिवशी बोलत नाही. शहराची ओळख म्हणून दाखवायचंच असेल, तर हे दाखवावं.

(दृश्य : वरून घेतलेली मिरवणूक. वायरी उचलणारा माणूस.)

मूर्तीची उंची कारागीर ठरवत नाही, गल्ली ठरवते. वरच्या वायरी आणि दोन्हीकडचे सज्जे जेवढं सोडतील तेवढीच. लांब बांबूच्या टोकाला आडवी फळी बांधून एकजण पुढे चालतो आणि केबल वर उचलतो. विजेच्या तारेला मात्र हात लावायचा नाही. त्या भागाचा पुरवठा आधीच बंद करून घ्यावा लागतो.

2020 मध्ये करोनामुळे मिरवणूक निघाली नाही. आता दरवर्षी गर्दी, डीजे आणि थर्माकोल तिन्ही वाढताहेत. थर्माकोल जळताना निघणारा काळा धूर जवळच्या घरांत शिरतो.

(दृश्य : ताडपत्रीखाली उभा अर्धवट सांगाडा. टपटपणारं पाणी.)

स्वागत कमानींना, रोषणाईला शहराकडे पैसा असतो. मारबत घडते ती या ताडपत्रीखाली. एक पक्कं छप्पर, पावसाचं पाणी आत येणार नाही असा उंच ओटा, मूर्ती उभीच्या उभी बाहेर निघेल एवढं दार आणि कमच्या ओढायला शिकू पाहणाऱ्या पोरांना दोन महिन्यांचं मानधन. हे आषाढ लागायच्या आत मिळायला हवं. श्रावणात मिळून उपयोग नाही.

(दृश्य : नाईक तलावाजवळ दहन. लांबून.)

आग आधी कागदाला लागते, मग सुतळीला. बांबू पेटायच्या आत गाठी जळतात, म्हणून सांगाडा कोसळत नाही. जागच्या जागी, हळूहळू खाली बसतो.

(निवेदन थांबते. फक्त कमच्यांचा तडतड आवाज.)