शह द्यायची घाई नको

(दृश्य : पऱ्हाटीच्या वावरांमधून जाणारा रस्ता. गावाचा फाटा. देवळासमोरचा पार.)

हिंगणघाटहून निघालेली एसटी फाट्यावर सोडून जाते. पुढे गावापर्यंत पायी. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, मध्ये तुरीच्या ओळी. कापूस वेचायचे दिवस असल्यामुळे दुपारी गावात माणूस दिसणं कठीण. पारावर दोन-चार म्हातारे आणि शाळा सुटलेली पोट्टी, एवढीच काय ती वर्दळ.

पारावर एक पट अंथरलाय. निवडणुकीच्या जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर मार्करने काढलेला. उमेदवार खाली तोंड करून झोपलाय आणि त्याच्या पाठीवर चौसष्ट घरं. सोंगट्यांमधला एक हत्ती हरवलाय, त्याच्या जागी टॉर्चचा निकामी सेल उभा केलाय. कोणाला त्याचं नवल वाटत नाही.

डाव मात्र मांडलेला नाही. पटावर मोजून तीन सोंगट्या. घराचं नाव अक्षर आणि आकड्याने : उभ्या रांगांना डावीकडून ए ते एच, आडव्यांना पांढऱ्याकडून १ ते ८. पांढरा राजा सी-६ या घरात, पांढरा हत्ती, म्हणजे आपला सेल, एच-७ वर. काळा राजा एकटा, ए-८ च्या कोपऱ्यात. पांढऱ्याची खेळी. दोन खेळींत मात करायची.

(दृश्य : सेलकडे जाणारा लहान हात. म्हातारा हात त्याला अडवतो.)

चौथीतली पोरगी हत्ती उचलून थेट एच-८ वर नेते. शह!

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला सगळं गाव आबाजी म्हणतं. ते म्हणतात, "काऊन वं, शह द्याची एवढी घाई झाली काय? तो पाय, ए-सातवर पयाला."

खरंच पळाला. सोंगट्या परत पहिल्या जागी. मग पोरगी हत्ती एच-७ वरून बी-७ वर ठेवते, ए-८ मधल्या काळ्या राजाच्या अगदी नाकासमोर. आता त्याला जायला एकही घर नाही. पण शहही नाही. म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. जिंकलेला डाव हातचा गेला.

"मंग का करू, आबाजी?"

"तुह्या राजाले काय झोप लागली काय?"

पांढरा राजा एक घर सरकून बी-६ वर येतो. ना शह, ना मारामारी. आता काळ्याला बी-८ हे एकच घर उरतं आणि पाळी त्याचीच असल्यामुळे तिथे जावंच लागतं. गेला, की हत्ती एच-८ वर. मात.

ही कोडी सोडवताना खेळ्या फक्त पांढऱ्याच्या मोजतात. काळा वाटेल ते खेळू शकतो, आणि त्याने काहीही खेळलं तरी ठरल्या खेळीत मात झालीच पाहिजे. 'त्याने असं खेळलं तर' या आशेवर दिलेलं उत्तर धरत नाहीत. दुसरी अट रचणाऱ्यावर असते : पहिली खेळी एकच असावी. दोन निघाल्या तर कोडं बाद. आणि चांगला रचनाकार ती पहिली खेळी सहसा शहाची ठेवत नाही. शह सगळ्यांना आधी दिसतो, मग लपवायला राहिलं काय?

(दृश्य : शाळेचा फळा. खडूने काढलेला पट.)

जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी दर शनिवारी फळ्यावर एक कोडं काढतात. आजचं कोडं पॉल मॉर्फी या अमेरिकी खेळाडूच्या नावावर सांगितलं जातं. मॉर्फीचा जन्म १८३७ चा, म्हणजे कोडं जुनंच. पण पोरांना त्याचं वय कळत नाही.

पांढऱ्याचा राजा सी-८ वर, हत्ती ए-१ वर, एक प्यादं बी-६ वर. काळ्याचा राजा ए-८ च्या कोपऱ्यात, शेजारी बी-८ वर त्याचाच उंट, आणि पुढ्यात ए-७ व बी-७ वर दोन प्यादी. पांढऱ्याने दोन खेळींत मात करायची. व्हिडिओ थांबवायचा असेल तर इथे थांबवा.

वर्ग आधी हत्तीने ए-७ चं प्यादं मारतो. उंट हत्तीला खातो, संपलं. मग प्याद्याने प्यादं मारून पाहतात, तेही जमत नाही. मागच्या बाकावरचा एक जण विचारतो, "गुर्जी, हत्ती फुकट देऊन पायला तर?"

बरोबर तेच. हत्ती ए-६ वर. काळ्याच्या प्याद्यासमोर, खा म्हणून.

आता काळ्याची अडचण बघा. ए-७ चं प्यादं पुढे सरकू शकत नाही, समोर हत्ती उभा आहे. ते तिरकं बी-६ वरही मारू शकत नाही, कारण बाजूला झालं की हत्तीचा शह थेट राजाला. राजाला हलायला घर नाही. उरल्या दोनच गोष्टी. बी-७ च्या प्याद्याने हत्ती खाल्ला, तर पांढरं प्यादं बी-७ वर जातं आणि मात. उंट हलवला, कुठेही हलवला, तर हत्ती ए-७ चं प्यादं मारतो, मात. काळ्याला या वेळी 'पास' म्हणता आलं असतं, तर पांढऱ्याच्या हाती काहीच लागलं नसतं. त्याला खेळावं लागतं, तिथेच तो मरतो.

हे कोडं पारावर मांडलं तेव्हा आबाजींनी मांडीवर थाप मारली. हत्ती दिल्याचं त्यांना अप्रूप नव्हतं. मात प्याद्याने झाली याचं होतं. "प्यादेमात हाय राजेहो!" देशी पद्धतीच्या खेळात, जिथे प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे जातं, वजिराने केलेल्या मातीपेक्षा प्याद्याने केलेल्या मातीला मान जास्त. कोडी रचायची हौसही इकडे नवी नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत कोड्यांचं इंग्रजी पुस्तक मुंबईत १८१४ साली छापलं गेलं. तेव्हा पुण्यात पेशवाई होती आणि मॉर्फीच्या जन्माला तेवीस वर्षं अवकाश होता.

(दृश्य : रात्र. घरात मोबाइलचा उजेड.)

विदर्भात बुद्धिबळ म्हटलं की सध्या नागपूरचं नाव निघतं, आणि रास्तच. रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. या गावातली पोरंही ते सामने मोबाइलवर बघत होती. पण स्पर्धा खेळायची तर प्रवेश फी, गाडीभाडं, शहरातला मुक्काम, आणि सोबत जाणाऱ्या बापाची बुडालेली मजुरी. कोड्याला यातलं काही लागत नाही. म्हणून गुरुजींनी कोड्यापासून सुरुवात केली. आमच्या मते हा हिशेबी माणूस आहे.

कोडी सोडवण्याचीही जागतिक अजिंक्यपद स्पर्धा असते, १९७७ पासून. तिथे समोर प्रतिस्पर्धी नसतो, असतं घड्याळ. दोन खेळींची तीन कोडी वीस मिनिटांत, तीन खेळींची तीन कोडी तासाभरात. गुरुजींनी हे वर्गात सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला : "मोबाइल चालते काय?" नाही चालत. इथेही नाही. संगणक उत्तर क्षणात सांगतो, पण आपली खेळी का फसली हे पोराला कळायला त्याला स्वतःला फसावं लागतं.

(दृश्य : पार. पोरगी पटावर सोंगट्या मांडते आहे.)

चौथीतली ती पोरगी आता स्वतः कोडी रचायला लागली आहे. पहिल्या दिवशी तिने तीन सोंगट्यांच्या त्या कोड्यात सेल काढून त्याच घरात वजीर ठेवला. मोठी सोंगटी, मोठं कोडं. आबाजींनी वजीर बी-७ वर ठेवला, एका खेळीत मात. कोडंच उरलं नाही. ती रुसली, सोंगट्या गोळा करून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सेल परत एच-७ वर आला. पांढरा राजा सी-६, काळा राजा ए-८, सगळं आधीसारखं. फक्त काळ्याला तिने एक प्यादं दिलंय, ए-६ वर. म्हणजे राजा अडला तरी काळ्याकडे आता एक जादा खेळी आहे. तरीही दोन खेळींत मात होते, असं तिचं म्हणणं. आबाजी अजून मान हलवत नाहीयेत. गुरुजींना उत्तर माहीत आहे, पण ते सांगत नाहीत. तुम्ही मांडून बघा.