द्वारका का?

नमस्कार मंडळी. आज सकाळी नाशिकला रविवार कारंजावरून रिक्षात बसलो, पुढे एका आजींनी हात केला, डोकं आत घालून विचारलं, ‘द्वारका का?’ म्हणजे आपला द्वारका चौक, रिक्षावाला म्हणाला ‘बसा’, झालं, दोन शब्दांत काम. त्यातला तो शेवटचा ‘का’ आहे ना, त्याच्याबद्दलच बोलणारे मी.

त्याची जागा बघा तुम्ही. ‘का आलास?’ म्हटलं की समोरचा कारणं सांगायला लागतो, रागावतोसुद्धा. तोच ‘का’ उचलून शेवटी ठेवा, ‘आलास का?’, आता हो-नाही पुरतं, आणि ऐकायलाही मायेचं वाटतं.

माझी भाची कॉलेज रोडला जपानीच्या क्लासला जाते. ती म्हणाली, मामा, जपानीत ‘किमास’ म्हणजे येतो, आणि ‘किमास का’ म्हणजे येतो का. मी म्हटलं, परत म्हण! तिने वही दाखवली, वाक्याच्या शेवटी ‘का’ आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह नाही, नुसतं छोटं गोल, तो त्यांचा पूर्णविराम, कारण ‘का’ आला म्हणजे प्रश्न झालाच. पुढे अजून आहे. ‘ओचा का कोही’ म्हणजे चहा किंवा कॉफी. आणि ज्ञानेश्वरीत माऊली एकामागून एक उपमा देतात तिथे ‘कां’ येतो, तोही ‘किंवा’ याच अर्थाने! मला त्या रात्री झोप नाही लागली खरंच.

पण म्हणून जपानी आणि मराठी बहिणी का, तर नाही हो. आपला ‘का’ संस्कृतच्या कः, किम् यांच्या घरातला. १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने मांडलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, मग १८२२ मध्ये याकोब ग्रिम या जर्मन भाषाअभ्यासकाने जुना ‘क’ जर्मन-इंग्रजीच्या घराण्यात ‘ह’ कसा झाला त्याचा नियम दाखवला. म्हणजे लॅटिनचा ‘क्विस’, इंग्रजीचा ‘हू’ हे आपल्या ‘का’चे चुलतभाऊ, तोंडावळा जुळत नाही तरी. आणि जपानीतला, हुबेहूब आपल्यासारखा दिसणारा, तो नात्यातलाच नाही. तोंडातून निघणारे आवाज मोजकेच, एवढासा शब्द चार ठिकाणी आपापला उगवणारच.

हिंदीतला ‘राम का’ मधला ‘का’ शेजारी राहून वेगळा, तो ‘कृत’वरून आला असं मानतात. जुन्या इजिप्तमध्ये ‘का’ म्हणजे माणसाची प्राणशक्ती, वर उचललेले दोन हात हे त्याचं चित्र, आणि माणूस गेल्यावर त्याच्या ‘का’साठी थडग्यात भाकरी ठेवायचे.

आणि आपल्याकडे? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२१वं सूक्त काढा, ऋचेमागून ऋचा संपते ती ‘कस्मै देवाय हविषा विधेम’ वर, कोणत्या देवाला हवि द्यायचा? पुढे ब्राह्मणग्रंथांत तो प्रश्नच देवाचं नाव झाला, प्रजापतीला ‘क’ म्हणायला लागले. माझ्या अंगावर काटा येतो हे सांगताना.

आजी द्वारकेला उतरल्या तेव्हा हे सगळं सांगावंसं वाटत होतं, पण त्यांची पिशवी जड होती, तेवढी खाली उतरवून दिली. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही पुढे जाणार का?’