बॅटरी रूमची चावी कोणाकडे आहे?

विषय दिलाय 'मोठा ब्लॅकआउट झाल्यावर वीज परत कशी आणतात', आणि तो मी घेणारच आहे, पण त्याआधी मला एका खोलीबद्दल बोलायचंय. सबस्टेशनच्या कंट्रोल रूमला लागून ही खोली असते. आत ॲसिडचा वास, वर एक्झॉस्ट फॅन, स्टँडवर ओळीने मांडलेले दोन-दोन व्होल्टचे सेल, 110 व्होल्टचा डीसी असेल तर 55 सेल. बॅटरी रूम. सबस्टेशन बघायला कोणी आलं की त्यांना ट्रान्सफॉर्मर दाखवतात, ब्रेकर म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच दाखवतात, लांबून सगळं बघायच्या यंत्रणेचा, स्काडाचा, स्क्रीन दाखवतात, या खोलीत कोणी नेत नाही.

आता बघा, ब्रेकर काही मनाने उघडत नाही की लागत नाही. ट्रिप कॉइलला करंट लागतो, क्लोजिंग कॉइलला लागतो, स्प्रिंग चार्ज करणाऱ्या मोटरला लागतो, बिघाड ओळखणारे रिले जागे राहायला लागतो, कंट्रोल सेंटरशी बोलणारी यंत्रणाही त्याच डीसीवर. सगळं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळंच, बसलंय, तर हा करंट येणार कुठून? त्या सेलमधून! आणि सेल भरणारा चार्जर चालतो एसीवर, म्हणजे तोही गेला. तेव्हापासून बॅटरी नुसती उतरत जाते, काही तास पुरते आणि संपली की सबस्टेशन आंधळं आणि बहिरं. मग प्रत्येक ब्रेकरसाठी माणूस गाडीने पाठवा, तोही अशा वेळी की रस्त्यावरचे सिग्नल बंद आणि मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही माना टाकायला लागलेल्या.

एका सबस्टेशनला तपासणीला गेलो होतो, नाव सांगत नाही. बॅटरीचं रजिस्टर मागितलं. काय सुंदर रजिस्टर होतं! रेघा मारलेल्या, अक्षर मोत्यासारखं, दर आठवड्याला प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, जिच्यावरून सेल किती भरलाय ते कळतं, 1200, पंचावन्नच्या पंचावन्न सेल 1200. आता ज्याने एकदा तरी ती मोजायचा हायड्रोमीटर हातात धरलाय (मागे हसताय त्यांनी नक्की धरलाय) त्याला माहितीय की शेजारशेजारचे दोन सेलसुद्धा सारखे नसतात, एक 1205 दाखवतो, एक 1195, एखादा 1180 वर रुसून बसलेला असतो. म्हटलं खोली उघडा. चावी सापडेना. एकाने सांगितलं दुसऱ्या शिफ्टवाल्याकडे आहे, त्याला फोन लावला तर तो म्हणाला तिथेच ड्रॉवरमध्ये असेल, ड्रॉवर उपसला, शेवटी चाव्या टांगायच्या बोर्डावर भलत्याच नावाच्या पट्टीखाली लटकलेली मिळाली. आत गेलो तर टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर, काही सेलमध्ये पाणी प्लेटांच्याही खाली गेलेलं. आणि पॅनेलवर व्होल्टेज मात्र एकदम ठीक, कारण चार्जर चालू होता! लोकांची फसगत होते ती इथे, मीटर दाखवतो ते चार्जरचं व्होल्टेज आणि आपण लिहितो 'बॅटरी ओके'. चार्जर बंद करायला लावला, डीसीवर लोड टाकला, बघता बघता काटा खाली.

तिथल्या ऑपरेटरचा मला राग आला नाही हो. त्याला धड हायड्रोमीटर दिलेला नव्हता, डिस्टिल्ड वॉटर मागून मागून तो थकला होता. राग येतो तो याचा की ट्रान्सफॉर्मरला मंजुरी लगेच मिळते आणि सेल बदलायची फाइल टेबलांवरून फिरत राहते. डिस्चार्ज टेस्ट, म्हणजे चार्जर काढून बॅटरी लोडवर किती टिकते ते बघणं, ठरलेल्या वेळी झालीच पाहिजे, हे मी जाईन तिथे सांगतो आणि सांगत राहणार.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. बरं, मुख्य विषय.

ग्रिड पूर्ण बसलं की आधी ब्रेकर उघडून सगळं मोकळं करतात, नाहीतर पहिली वीज येताच सगळा लोड एकदम अंगावर येईल. मग सुरुवातीची वीज शोधायची. कोळशाचं केंद्र स्वतःच्या बळावर उठत नाही, फीड पंप, पंखे, कोळशाच्या मिल यांनाच त्याच्या क्षमतेच्या साधारण 6 ते 8 टक्के वीज लागते. बंद पडतानाही टर्बाइनच्या बेअरिंगला तेल पोचवणारा शेवटचा पंप डीसीवर असतो, म्हणजे तिथेही बॅटरीच. जलविद्युत केंद्राला मात्र पाण्याचं गेट उघडायला आणि एक्सायटेशनला, म्हणजे जनरेटरचं चुंबक जागं करायला, छोटा डिझेल सेट पुरतो. याला म्हणतात ब्लॅक स्टार्ट. नाहीतर शेजारचं उभं ग्रिड. 30 जुलै 2012 ला पहाटे आपलं उत्तर ग्रिड बसलं, ते उभं केलं, तर 31 ला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही बसली, 60 कोटींवर लोक अंधारात, तेव्हा पश्चिमेचं ग्रिड उभं होतं म्हणून तिकडून वीज घेता आली. 28 एप्रिल 2025 ला स्पेन-पोर्तुगाल गेलं तेव्हा स्पेनला फ्रान्स आणि मोरोक्कोकडून आधार मिळाला, पोर्तुगालमध्ये कॅस्टेलो दो बोड हे जलविद्युत आणि तापादा दो औतेरो हे गॅसचं केंद्र ब्लॅक स्टार्टने उठवलं.

पुढचं भराभर सांगतो. लांबची लाईन रिकामी चार्ज केली की पलीकडच्या टोकाला व्होल्टेज चढतं, म्हणून ते दाबून धरणारी मोठी कॉइल, शंट रिॲक्टर, लावून ठेवायचे. लोड तुकड्यातुकड्याने घ्यायचा, कारण कित्येक तास बंद राहिलेले फ्रीज, एसी, पंप एकदम सुरू होतात आणि तोच फीडर, म्हणजे एका भागाला वीज नेणारी लाईन, आधीच्या दुप्पटसुद्धा ओढू शकतो, फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवरून फार खाली आली की केंद्रातलं मशीन स्वतःला वाचवायला ट्रिप होतं आणि आपण परत शून्यावर. म्हणून शेजारच्या भागात लाईट आली आणि आपल्याकडे नाही असं होतं, त्यात कोणाचा वशिला नसतो. अशी छोटी छोटी आयलंड, म्हणजे आपापल्या केंद्रावर चालणारी विजेची बेटं, उभी करायची, मग फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज, फेज अँगल जुळवून एकमेकांना जोडायची. अणुकेंद्राकडे धावतात ते वीज घ्यायला नाही, द्यायला, कारण बंद झालेली अणुभट्टीही, तिचा रिॲक्टर, थंड ठेवावा लागतो, आणि अणुक्रिया दाबून टाकणारा झेनॉन वायू आत साठल्यामुळे तो पुन्हा चालू व्हायला दोनेक दिवस जाऊ शकतात.

शेवटच्या टप्प्यात ग्राहक, त्यातही आधी हॉस्पिटल, पाणीपुरवठ्याचे पंप, मग जास्त ग्राहकांचे फीडर, मग डीपी, मग एकेका घराची सर्व्हिस वायर. घरी जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाईन किंवा जनरेटर यातलं एकच जोडणारा, बसवाच. ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेनेही चालतो, तुमचे 230 व्होल्ट मागे गेले तर वरच्या तारेवर 11 हजार उभे राहतात आणि तिथे लाइनमन चढलेला असतो. म्हणून तो परमिट, म्हणजे लाईन बंद असल्याची लेखी परवानगी, घेतल्यावरही आधी टेस्टर लावतो, दोन्ही बाजूंना अर्थिंग टाकतो, म्हणजे तार जमिनीला जोडतो, मगच तारेला हात लावतो, आणि त्याने अर्थिंग काढून परमिट परत करेपर्यंत सबस्टेशनवाल्याने ब्रेकरजवळही जायचं नाही. यात वेळ जातो आणि तो जायलाच हवा. हॉल रिकामा करायचाय, प्रश्न बाहेर घेतो, या.