तोंड धुतल्याशिवाय दार लावू नका! पार्किंगमधल्या मांजराच्या पिल्लाला घरी आणताना

नमस्कार मंडळी.

आजचा विषय वेगळाच ठरला होता, पण काल रात्री एक कमेंट वाचली आणि म्हटलं, हे आधी. कर्वेनगरला हॉस्टेलवर राहणारी एक मुलगी लिहिते, "ताई, पार्किंगमधलं पिल्लू आज सहाव्या दिवशी कॅरियरच्या आत जाऊन जेवलं. उद्या दार लावू का?" कॅरियर म्हणजे मांजर न्यायची दाराची पेटी. आणि खाली सगळ्यांचा एकच सूर. लाव, लाव, वाट कसली बघतेस!

थांब गं. दार लावू नकोस अजून. का ते सांगते, आणि आज तेच सांगणार आहे.

बाकीचं आधी पटापट उरकते, कारण ते बऱ्याच जणांना माहीत असतं. दर पावसाळ्यात पुण्यात हेच होतं. उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं जून-जुलैत हिंडायला लागतात आणि नेमका तेव्हाच पाऊस येतो. कोरडी, उबदार जागा कुठली? नुकत्याच आलेल्या गाडीचं इंजिन. म्हणून सकाळी गाडी काढण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. एवढं तरी सगळ्यांनी करा, मांजर आवडो न आवडो.

पिल्लू एकटं दिसलं म्हणजे अनाथ आहे असं नाही. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्या आज्या म्हणायच्या, त्यात तथ्य आहे. जागा धोक्याची वाटली की ती एकेकाला मानेला धरून हलवते, आणि मधल्या वेळात एखादं एकटं सापडतं. लांबून तीन-चार तास लक्ष ठेवा. बसायला वेळ नसेल तर पिल्लाभोवती तांदळाच्या पिठाचं पातळ कडं काढा. आई येऊन गेली तर पावलं उमटतात. आणि "माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते" असं विचारता ना सारखं? नाही टाकत. सहसा परत घेते.

पिल्लू गार पडलंय, डोळे चिकटलेत, जखम आहे, किंवा चार आठवड्यांच्या आतलं आहे आणि आई येतच नाही, तर आजचा व्हिडिओ विसरा. टॉवेलमध्ये उचला आणि डॉक्टरकडे पळा. तिथे विश्वास वगैरे नंतर. मी आज बोलतेय ते दोन-तीन महिन्यांच्या, तुरुतुरु पळणाऱ्या, तुम्हाला बघून फिसकारणाऱ्या पिल्लाबद्दल. मांजराचं माणसाशी सहज जमण्याचं वय साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात असतं. ते उलटलं की जमत नाही असं नाही, वेळ लागतो. आणि हा वेळ द्यायलाच लोक तयार नसतात.

दूध नको. गाईचंही नको, म्हशीचंही नको, त्यात बुडवलेलं बिस्किट तर नकोच. मांजर डोळे मिटून दूध पितं अशी आपली म्हण आहे, पण आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर बऱ्याच मांजरांना पचत नाही. जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे अंगातलं पाणी संपणं. चिकन नुसतं उकडा. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसूण मांजराला विषारी असतो. सुकटही नको, खारट असते. चिकन कोमट असताना द्या, कोमट असलं की वास सुटतो, आणि पिल्लू वासावरच येतं.

झालं. आता मुद्द्यावर येते.

वाटी पहिल्या दिवशी तुमच्यापासून दहा फुटांवर ठेवायची आणि जमिनीवर बसायचं. उभं राहायचं नाही, पोक काढून वाकायचं नाही, सरळ फतकल मारून बसायचं. रोज ठरलेल्या वेळा, रोज तोच आवाज. मी स्टीलच्या वाटीवर चमच्याने तीनदा टिचकी मारते. आणि वाटी रोज एक वीत जवळ. एकच वीत! आज दोन पावलं पुढे आलं म्हणून तुम्ही उद्या चार वीत सरकवू नका. ते बिथरलं तर परत मागे न्यायची, त्यात कमीपणा नाही.

त्याच्याकडे टक लावून बघू नका. बघायचंच असेल तर डोळे हळूहळू बारीक करा, मिटा, उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये याच्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाने असे सावकाश डोळे मिटले की मांजरंही तसंच करतात, आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताजवळ जास्त येतात. आमच्या सुंठीने पाचव्या दिवशी असे डोळे मिटले होते, दुचाकीच्या मागच्या चाकाआडून. मी तिथेच रडले.

सुंठी कोण, हे नवीन लोकांसाठी. ही. (मांडीवरची मांजर उचलून दाखवते) सुंठीच्या रंगाची म्हणून सुंठी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागच्या जुलैत आली, आणि पहिल्या वाटीपासून घरी यायला सोळा दिवस लागले.

कॅरियर मात्र पहिल्या दिवसापासून तिथेच हवा. पकडायच्या दिवशी आणायचा नाही. तो तिथल्या सामानाचाच एक भाग वाटला पाहिजे. आत जुन्या सुती साडीचा तुकडा घाला, आपण दोन रात्री उशाशी घेतलेला, म्हणजे तुमचा वास आणि जेवण एकत्र लक्षात राहतं. मग वाटी आधी कॅरियरच्या बाहेर, मग उंबऱ्यावर, मग आत, मग अगदी मागच्या भिंतीला टेकून.

आणि इथे, पिल्लू आत जाऊन जेवायला लागलं की, लोक दार लावतात. पहिल्याच दिवशी! आणि केलेलं सगळं मातीत जातं.

का? त्याच्या बाजूने बघा. सातशे-आठशे ग्रॅमचं शरीर. त्याच्या आयुष्यात वरून येणारी गोष्ट म्हणजे घार किंवा कावळा, आणि मागून येणारी म्हणजे कुत्रा किंवा बोका. ते आत जेवतंय पण कान बघा त्याचे. एक कान वाटीकडे आणि एक मागे, तुमच्याकडे वळवलेला. शेपूट दाराबाहेर. मागचे पाय दुमडलेले, उडी मारायच्या तयारीत. तोंडाने घास घेतंय आणि घशातून एकीकडे "अंऽऽव अंऽऽव" करून गुरगुरतंय. हे पिल्लू फक्त भुकेलेलं आहे, निवांत नाही. तुम्ही दाराला हात लावाल, प्लास्टिकची कडी "टक्" वाजेल, आणि तुमचं बोट पोचायच्या आत ते पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला असेल. पुन्हा त्या कॅरियरजवळ ते फिरकायचं नाही. वाटीवरची टिचकी ऐकली तरी पळेल.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. चार वर्षांपूर्वी शनिवार पेठेत माझ्या मामाच्या वाड्यात एक पिवळं पिल्लू होतं. पाचव्या दिवशी माझ्या हातून खायला लागलं. मला वाटलं, झालं आता, आणि मी वरून हात घालून उचललं. त्याने अंगठ्याला कडाडून चावा घेतला, माझा हात सुटला, ते जिन्याखालून सरपटत बोळात गेलं. त्या रात्री धो धो पाऊस होता. आठ दिवस मी टॉर्च घेऊन फिरले. मला ते परत दिसलं नाही. मी अजून दोन दिवस नुसती बसले असते तर, हे माझ्या मनातून आजही जात नाही. म्हणून इतक्यांदा सांगते, चिडू नका माझ्यावर.

चावण्याचं निघालंच आहे तर. चावलं किंवा ओरखडलं, रक्त येवो न येवो, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. चुना, हळद, मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी जायचं. दंडाच्या स्नायूत घ्यायची असतील तर साधारण 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, पण डॉक्टर सांगतील तसं. एकही चुकवायचं नाही. मी सगळी घेतली. "एवढ्याशा पिल्लाने काय होतंय" असं घरात म्हणणारे असतात, त्यांचं ऐकू नका.

आता दार लावायचं कसं ते सांगते, कारण ते कुणी दाखवत नाही. दार लागणं ही पिल्लासाठी नवी गोष्ट असताच कामा नये. (कॅरियर कॅमेऱ्यासमोर घेऊन) हे बघा. कडीला मी कापडाची पट्टी गुंडाळलीय, टक् आवाज नको म्हणून. बिजागरीला खोबरेल तेलाचा थेंब, करकर नको म्हणून. दाराला ही सुतळी, सहा-सात फुटांची, म्हणजे हात जवळ न्यावाच लागत नाही. पिल्लू आत जेवायला लागल्यावर दोन दिवस काहीच करायचं नाही. मग एका जेवणाला सुतळीने दार फक्त चार बोटं हलवायचं आणि सोडायचं. पुढच्या जेवणाला अर्धं. मग पूर्ण लावायचं, दहा आकडे मोजायचे, आणि ते जेवत असतानाच उघडायचं. हो, उघडायचं! इथे सगळ्यांचा जीव वरखाली होतो, हातात आलेलं सोडायचं कसं. सोडायचं. त्याला कळू दे की दार लागतं आणि उघडतं, आणि चिकन तिथेच असतं.

मग कायमचं कधी लावायचं? मी एकच खूण मानते. जेवून झाल्यावर ते तिथेच, आत, बसून तोंड धुतं का? पंजा चाटायचा, कानामागून नाकापर्यंत फिरवायचा, परत चाटायचा. घाबरलेलं पिल्लू जेवलं की निघतं. ज्याला जागा आपली वाटली ते बसतं आणि तोंड धुतं. सुंठीने चौदाव्या दिवशी संध्याकाळी धुतलं. मी तरी दोन दिवस थांबले, आणि सोळाव्या दिवशी दार लावून वरून चादर टाकली. तिने एक आवाज काढला नाही.

मला माहितीय खाली काय येणार आहे. "टॉवेल टाका, पाच मिनिटांचं काम, इतकी नाटकं कशाला." सध्या तसल्या रीलही खूप फिरतायत. टॉवेल टाकून उचललेलं पिल्लू तुमच्या घरी येतं, खरं आहे. पण मग ते कपाटामागे जाऊन बसतं, आणि रीलमध्ये पुढचे तीन आठवडे दिसत नाहीत. तेच लोक मग मला लिहितात, "ताई, दहा दिवस झाले, बाहेरच येत नाही." जो वेळ पार्किंगमध्ये दिला नाही तो घरात द्यावा लागतो, आणि घरात त्याला पळायला जागा नसल्यामुळे भीती जास्त असते. टॉवेल संकटासाठी ठेवा.

एका आजोबांची कमेंट मात्र मी जपून ठेवलीय. नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलेले. ते लिहितात, आमच्याकडे मांजर कुणी पकडून आणत नसे, माळ्यावर धान्याची पोती होती, उंदीर होते, म्हणून मांजर होती, आणि ती कधी आमची झाली ते कुणाला सांगता येणार नाही. मला वाटतं, ती तशी झाली कारण तिला कुणी धरलंच नव्हतं. आता वाडे पडले, माळे गेले, आणि पिल्लांना बसायला राहिलं पार्किंग. तिथे आपल्याला तो वेळ मुद्दाम काढावा लागतो.

सोसायटीतल्या कटकटीबद्दल पण विचारता. वाटी तिथे सोडून जाऊ नका, अर्ध्या तासात उचला, फरशी पुसा. मुंग्या लागल्या की तक्रार होते, आणि ती रास्त असते. वॉचमन काकांना पहिल्या दिवशीच विश्वासात घ्या. सुंठी कुठे झोपते ते मला आमच्या काकांनी सांगितलं. रात्रभर पार्किंगमध्ये तेच असतात.

घरी आणल्यावर थेट डॉक्टर, जंताचं औषध, लशीचं वेळापत्रक. घरात आधीची मांजर असेल तर नव्याला साधारण दोन आठवडे वेगळ्या खोलीत. आणि पहिले दिवस पूर्ण घर देऊ नका, एक लहान खोली द्या, खिडकीला जाळी असलेली. सुंठी आमच्या बाथरूममध्ये राहिली. तापाची घरातली गोळी तर चुकूनही नको, पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

आणि आता तू, कर्वेनगरवाली. सहाव्या दिवशी ते आत जाऊन जेवलं म्हणजे तू छान करतेयस. उद्या सकाळी कॅरियर तिथेच ठेव, वाटी मागच्या भिंतीला, सुतळी बांध पण ओढू नकोस. जेवून झाल्यावर उठू नकोस, बसून राहा, आणि मला एवढंच लिही: त्याने आत बसून तोंड धुतलं का?