आजोबांचा धंदा, नातवाची नोकरी

श्रोतेहो, नमस्कार.

एखादं घराणं तीन पिढ्यांत किती वर आलं, हे मोजतात कसं? बापाची परिस्थिती कळली की मुलाची कितपत ओळखता येते, ते बघायचं. जितकी सहज ओळखता येते, तितका तो समाज जागचा हललेला नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात 1427 च्या करनोंदी आणि 2011 च्या करनोंदी आडनावांवरून ताडून पाहिल्या. सहाशे वर्षांपूर्वीची श्रीमंत आडनावं आजही वरच्याच थरात निघाली.

आपल्याकडे आडनावावर भागत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुठल्याही गावात 'ओ पाटील' अशी हाक मारा, निम्मी आळी वळून बघते. म्हणून आपल्याला कागद जोडावे लागतात. शाळेचं जनरल रजिस्टर म्हणजे मुलांच्या दाखल्यांची वही, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, सातबारा, फेरफार म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याची नोंद. एकच कागद धरायचा नाही, कागदाला कागद जोडायचा.

माझे एक स्नेही आहेत, घणसोलीकडचे. आजोबा मिठागरावर, वडील पट्ट्यातल्या कारखान्यात, हे स्वतः ऐरोलीत इंजिनीअर. मुलीच्या जात पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा (ओबीसींना हीच तारीख धरतात) पुरावा हवा होता, म्हणून आम्ही दोघं आजोबांच्या शाळेत गेलो. बाईंनी कपाटातून लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर काढलं. कडा कसरीनं खाल्लेल्या, पण आतलं अक्षर काय सांगू! बोरूचं, टपोरं, एक खाडाखोड नाही. (आज पोरांच्या हातून अक्षर गेलं याचं मला फार वाईट वाटतं. रोज दोन ओळी शुद्धलेखन घातलंच पाहिजे, या मताचा मी आहे.)

तर, आजोबांचं नाव सापडलं, आणि खाली पुन्हा तेच नाव! मुलाचं तेच, बापाचं तेच, आडनावाच्या रकान्यात दोघांच्याही नुसतं 'आगरी'. एकाचं शाळा सोडण्याचं कारण 'मिठागरावर कामास', दुसऱ्याचं 'सतत गैरहजर'. यातले आजोबा कोणते? मिठागर म्हटल्यावर स्नेही पहिल्यावर बोट ठेवून मोकळे झाले. मी म्हटलं, थांबा, तेव्हा निम्मं गाव मिठागरावर होतं. मग त्यांच्या वडिलांच्या आत्याला घेऊन आलो. नव्वदीच्या पुढची बाई, बाकावर बसून ऐकत होत्या. जन्मतारखा वाचल्या तर म्हणाल्या, शिमग्यात जन्मला तो आमचा. म्हणजे दुसरा! 'सतत गैरहजर' तोच.

आणि मग त्यांनी विचारलं, "माजा नाव हाय का त्यान?"

होतं. पहिलीत दाखल, त्याच वर्षी नाव कमी. कारण, 'लहान भावंड सांभाळण्यास'. त्यापुढे माहेरच्या नावानं त्यांचा एकही कागद मिळाला नाही. लग्नात आडनाव गेलं, नावही बदललं. या मोजणीतला सर्वांत मोठा खड्डा हाच. बापावरून मुलगा शोधता येतो, मुलगी हरवते. पुन्हा सांगतो, मुलगी हरवते. मुलींनी लग्नानंतर नाव बदलूच नये, असं मी घरीदारी सांगत असतो.

सातबाऱ्याचंही तेच. 1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी आली, 95 गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. नुसता सातबारा पाहिला तर खातेदाराचा मुलगा भूमिहीन दिसतो. गेलेल्या जमिनीपोटी मिळालेला साडेबारा टक्क्यांचा भूखंड, कारखान्यातली नोकरी त्यात येत नाही. जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या 1984 च्या जासईच्या लढ्यात माणसांनी जीव दिले, तेही त्यात नाही. म्हणून म्हणतो, कागदाला कागद जोडा.

घरची साखळी लावायची असेल तर आधी घरातल्या सर्वांत वयस्क बाईला आजोबांच्या वेळची नावं विचारा, माहेरची आणि सासरची दोन्ही. मग शाळेत जनरल रजिस्टरचा उतारा मागा. सातबाऱ्यावर वर्तुळात आकडा असतो, तो फेरफाराचा क्रमांक. तोच अर्जात लिहून तहसील कार्यालयात जुना फेरफार मागायचा.